पेटीतला बिल्ला कोणत्या पलटणीचा?

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत, मग ते घर अश्दोदला असो, लोदला असो की दिमोनाला, मुंबईहून आणलेल्या पेटीच्या तळाशी एखादा पितळी बिल्ला, दोन-चार बटणे किंवा रंग उडालेली फीत सापडते. "आमचे पणजोबा सुभेदार होते," एवढे घरातल्यांना ठाऊक असते. पण कोणत्या पलटणीत आणि केव्हा, हे सांगणारे माणूस आता उरलेले नसते. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, आणि बिल्ल्यावर तर नुसते आकडे व लघुरूपे. मग एके दिवशी ती वस्तू भंगारात जाते. तसे होऊ नये म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम मुकुट पाहावा. हिंदी फौजेच्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर तो बिल्ला सन १९५० पूर्वीचा. कारण प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटाच्या कमानी गोल घुमटासारख्या असतील तर काळ १९०१ ते १९५० धरावा. माथा चपटा किंवा मध्ये खचलेला असेल तर बहुधा व्हिक्टोरिया राणीचा काळ. (इंग्लंडात १९५३ नंतर पुन्हा खचलेला मुकुट आला आणि २०२२ पासून राजे चार्ल्स यांनी गोल कमानींचा घेतला, पण त्याचा आपल्या पेटीशी संबंध नाही.)

मुकुटानंतर आकडा, आणि येथेच घोटाळा होतो. सन १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांनी मुंबईच्या पायदळ पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळविले. १९२२ मध्ये पुन्हा सर्व मोडून नव्या रेजिमेंटी बांधल्या. म्हणून मुंबईची १० वी पलटण म्हणजेच पुढची ११० वी मराठा आणि तीच पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. आजोबांच्या बिल्ल्यावर ११० आणि पणजोबांच्या बटणावर १० असेल तर दोघे वेगळ्या पलटणींत होते असे समजू नये. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना कामी आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातले, म्हणजे आपल्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातले.

२१ वी मरीन बटालियन १७७७ साली उभी राहिली. तिची १९०३ मध्ये १२१ वी पायोनियर्स झाली आणि १९३३ मध्ये सर्व बाँबे पायोनियर्सच मोडण्यात आले. अशा पलटणीचा बिल्ला ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो विशेष जपावा; त्याची आठवण सांगणारी पलटण आज हयात नाही. चित्रावरूनही बोध होतो. शिंग म्हणजे लाइट इन्फंट्री, ज्वाळा निघणारा गोळा म्हणजे ग्रेनेडियर.

आपल्या लोकांचा या फौजेशी संबंध फार जुना. टिपूच्या कैदेतून सुटलेले कमांडंट सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले, हे सर्वांना ठाऊक आहेच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने जातवार कंपन्या करण्याचे धोरण धरले. आपली संख्या ती किती! स्वतंत्र कंपनी भरणार कशी? बढतीचा मार्ग खुंटला आणि मुले कचेऱ्या, रेल्वे, दवाखाने, पोलीस यांकडे वळली. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेला आपल्या समाजाचा इतिहास याच वळणावरचा आहे. लष्करातील आपल्या अंमलदारांची माहिती त्यात सापडते.

पदक असेल तर त्याची कड भिंगातून वाचावी. १९१४ च्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कडेवर कोरलेली असते. मात्र नाव आपण म्हणतो तसे मिळेलच असे नाही. शमुवेल तेथे सामाजी होतो, यहेज्केल हसाजी होतो, आडनाव तर बहुधा नसतेच. "हे कोणा मराठ्याचे दिसते" म्हणून पदक बाजूला टाकण्यापूर्वी घरातील जुनी नावे आठवावीत. किरमिजी फितीचे, गळ्यात घालण्याचे पदक असेल तर ते ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया असू शकते. त्याचा पहिला वर्ग मिळवणारा सरदार बहादूर होत असे. ती फीत मुळात आकाशी होती, पण शिपायांच्या केसांच्या तेलाने डागाळते म्हणून बदलली, असे सांगतात.

कापडी बिल्ल्यांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला कळू नये म्हणून त्यांवर आकडा न घालता चित्र घालीत. काळ्यावर लाल गरुड म्हणजे चौथी हिंदी डिव्हिजन, काळ्यावर लाल गोळा म्हणजे पाचवी, काळी मांजर म्हणजे सतरावी. हे डिव्हिजनचे चिन्ह. पलटण त्यावरून कळत नाही. १९४४ मध्ये उभारलेल्या ज्यू ब्रिगेडच्या बाहीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर सोनेरी मागेन दाविद होता. आज आपली नातवंडे गोलानीचे जैतुनाचे झाड खांद्यावर मिरवतात, तेही त्याच रीतीचे. इब्रीत त्याला "तग" म्हणतात. आपल्या "तग धरणे"शी त्याचे नाते नाही, पण ऐकायला बरे वाटते.

पुष्कळदा पलटणीचा म्हणून जपलेला बिल्ला जी. आय. पी. रेल्वेचा निघतो. त्यात कमीपणा कसला? ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे वस्तू त्यापूर्वीची हे आपोआप ठरते. "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" ही अक्षरे असतील तर तो महाराष्ट्र पोलिसांचा.

चिंच-राख किंवा पॉलिश लावून बिल्ला घासू नये. अक्षरे झिजतात आणि ओळख तेथेच संपते. पाठीमागची बाजूही पाहावी, बटणांच्या पाठीवर कारखान्याचे नाव व शहर असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते चिठ्ठीवर मराठीत व इब्रीत लिहून बिल्ल्याबरोबर त्याच डबीत ठेवावे.