वऱ्हाडचा कापूस समुद्रापार गेला, दगड का नाही गेला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

या भागाचं निमित्त घरातलंच आहे. माझा मावसभाऊ अकोल्यात राहतो. फरशी आणि ओट्याच्या ग्रॅनाइटचं छोटं दुकान आहे त्याचं. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. टांझानियातल्या एका व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं चालू होतं. तिकडे इमारती धडाधड उभ्या राहतायत, ग्रॅनाइट हवाय, असं त्या माणसाचं म्हणणं. भाऊ मला म्हणाला, "दादा, आपल्या इकडं दगडच दगड हाये. मंग हे कर्नाटक-आंध्रवाले काऊन पैसे कमावून रायले, अन् आपण काऊन नाई?" आणि मग हळूच सांगितलं की भांडवलासाठी दोन एकर गहाण टाकायचा विचार आहे.

मी इतिहासाच्या गोष्टी सांगणारा माणूस, धंद्यातलं मला काय कळतं? पण दोन एकराचा प्रश्न होता. मावशीच्या नावावरची जमीन. म्हणून म्हटलं, आठ दिवस दे, वाचून सांगतो.

पहिली गोष्ट दगडाचीच. अकोला-अमरावतीत आपण ज्याला काळा दगड म्हणतो तो ग्रॅनाइट नव्हे, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि गार झाले, त्याचा हा दगड. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खूप खोल, खूप हळू थंड होतो, म्हणून त्याचे मोठमोठे एकसंध ठोकळे निघतात. लाव्हा उघड्यावर भराभर थंड झाला की आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. वरून कुठे हवेचे बुडबुडे राहिलेले, त्यात पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या. अशा दगडातून दोन-अडीच मीटरचा, कुठेही चीर नसलेला ठोकळा काढायचा म्हणजे नशीबच लागतं. म्हणून आपल्याकडे टेकडीला क्रशर लागतो आणि गिट्टी निघते. शिवाय दगड सगळीकडे आहे हेही खरं नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, खोल गाळाची माती आहे. तिथल्या गावात घराच्या पायाला दगड लांबून आणावा लागतो.

अमरावतीच्या उत्तर टोकाला, मोर्शीच्या वर सालबर्डीजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी लाव्हाच्या खालचा फार जुना दगड थोडासा उघडा पडलाय. ग्रॅनाइटच्या नात्यातला. भावाला हे सांगितलं तर तो लगेच गाडी काढायला निघाला. त्याला थांबवलं. भूगर्भवाल्यांना आनंद व्हावा इतकाच तो तुकडा आहे, आणि सालबर्डीला लोक महादेवाला जातात, खाणीला नाही.

गंमत म्हणजे धंद्याच्या भाषेत 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं शास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट नसतंच. डोलेराइट, गॅब्रो असे दगड असतात ते. रसायनाने बघाल तर आपल्या बेसाल्टचे सख्खे भाऊ, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेले. एवढ्याशा फरकावर आंध्रातलं चिमाकुर्ती जगाच्या नकाशावर आलं आणि आपली टेकडी रस्त्याखाली गेली.

पण मग या दगडाने वऱ्हाडात काय केलं? पुष्कळ केलं. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री बघा, काळ्या दगडात घडवलेली. अमरावतीचा परकोट बघा. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये तो बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. कशासाठी? आतल्या सावकारांच्या पेढ्या आणि कापसाच्या गंजी राखायला. मला हे फार बोलकं वाटतं. आपला दगड पहारेकरी होता, माल कापूस होता.

आणि तो कापूस किती लांब जायचा! रेल्वे यायच्या आधी बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठी मिर्झापूरला. लमाणांचे तांडेच्या तांडे चालत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर आपल्याकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची गाडी अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्या गाड्यांतून कापसाच्या गाठी बाहेर गेल्या. दगड मात्र रुळाखाली गिट्टी होऊन पडला, पुलांच्या खांबात गेला. कापूस वजनाला हलका आणि दामाला भारी. दगडाचं उलटं.

आता आफ्रिका. आपल्याला वाटतं की हा संबंध आत्ता, मोबाइलवरच्या मेसेजने सुरू झाला. तसं नाही. १४८० च्या आसपास बहामनी वजीर महमूद गावानने मोठ्या सुभ्यांचे दोन-दोन तुकडे केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. गाविल मिळालं फत्तेउल्ला इमादुल्मुल्काला, जो पुढे एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या, इमादशाहीचा मूळ पुरुष झाला. आणि माहूर मिळालं खुदावंदखान हबशीला. हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेला. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर १४८७ साल आहे, तो या फत्तेउल्लाच्या काळचा. म्हणजे ज्या काळात नरनाळ्यावर छिन्नी चालत होती, त्या काळात वऱ्हाडच्या अर्ध्या भागाचा कारभारी आफ्रिकी वंशाचा होता.

उलट दिशेने काय गेलं? मणी गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वेला भारतीय काचेचे मणी उत्खननात सापडले. कापड गेलं. १८९६ ते १९०१ मध्ये केनिया-युगांडाची रेल्वे झाली, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यात गवंडी आणि पाथरवटही होते. दगड तिथलाच, हात आपले. बांधकामाचा माल म्हणून इथून खरोखर समुद्रापार गेली ती मंगळुरी कौलं. १८६५ मध्ये बाझेल मिशनच्या प्लेब्स्टने मंगळुरात कारखाना काढला आणि ती लाल कौलं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या घरांवर चढली. कारखाना बंदराला लागून, आणि कौल दगडापेक्षा पातळ, हलकं.

शिवाय आफ्रिकेला दगडाची वानवा आहे असंही नाही. ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती ग्रॅनाइटच्याच, चुन्याशिवाय रचलेल्या, काही ठिकाणी ११ मीटर उंच. आजही झिंबाब्वेतल्या मुटोकोचा काळा दगड परदेशी जातो. तिथे कमी पडतात ते कापायचे आणि पॉलिशचे कारखाने. म्हणून तयार स्लॅबला गिऱ्हाईक आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी भावाकडे गेलो. त्याच्या दुकानातच बसलो, स्लॅबवर कागद ठेवून. ग्रॅनाइटचा एक घनमीटर म्हणजे साधारण २.७ टन. वीस फुटी कंटेनरमध्ये जागा ३३ घनमीटरची, पण २७ टन धरले तर दहा घनमीटरमध्येच वजन संपतं. दोन तृतीयांश डबा रिकामा जातो. आणि अकोल्याहून न्हावा-शेवा सुमारे ५८० किलोमीटर. करीमनगरचा माल आधी अकोल्यात उतरवून मग तिकडे पाठवायचा म्हणजे दुहेरी भाडं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे दगड आपला नाई, बंदर आपलं नाई. मंग आपलं हाये तरी का?"

मी म्हटलं, अमरावतीच्या परकोटात बसलेल्या सावकाराने तरी कुठे कापूस पिकवला होता? माल पारखणं, पत सांभाळणं, लांबच्या माणसाशी व्यवहार निभावणं, हे त्याचं काम. तुला दगडाची पारख आहे. माल खाणीवरूनच परस्पर बंदराला जाऊ दे, तू मध्ये राहा. पण समोरचा बँकेमार्फत पैशाची हमी देत नसेल, तर मावशीच्या सातबाऱ्याला हात लावू नकोस.

त्याला ते फारसं रुचलं नाही. पण त्याने त्या व्यापाऱ्याला बँकेच्या हमीचं विचारलं. तीन आठवडे उत्तर नाही. परवा फोन आला तेव्हा भाऊ करीमनगरला होता, एका खाणीवर, दुसऱ्या कुणासाठी तरी ठोकळे बघत. मागून यंत्राचा आवाज येत होता, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. जमीन अजून मावशीच्याच नावावर आहे, एवढं विचारून घेतलं.