गतिरोधक मागायचा कोणाकडे?

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतून मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ जातो. रायगड किल्ला, वरंध घाट, मंडणगड व महाबळेश्वरकडे जाणारे रस्तेही याच परिसरातून फुटतात. त्यामुळे शाळा, बाजारपेठ किंवा एस. टी. थांब्यासमोरून भरधाव जाणारी वाहने ही येथील अनेक गावांची नित्याची चिंता आहे. एखादा अपघात घडला की गतिरोधकाची मागणी होते. मात्र निवेदन भलत्याच कार्यालयात गेले, तर ते टेबलांवरून फिरत राहते आणि धोका कायम राहतो.

रस्ता कोणाच्या ताब्यात?

निवेदन लिहिण्यापूर्वी रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे, हे निश्चित करावे. महाड शहरातील अंतर्गत रस्त्यांसाठी नगरपरिषद, पोलादपूर शहरासाठी नगरपंचायत आणि गावठाणातील रस्त्यांसाठी ग्रामपंचायत जबाबदार असते. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. औद्योगिक वसाहतीतील रस्ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ पाहते. राष्ट्रीय महामार्गासाठी स्वतंत्र विभाग आहे. रस्त्यांचा दर्जा कालांतराने बदलतो. वरंध घाटातून भोरकडे जाणारा रस्ताही पुढे राष्ट्रीय महामार्ग घोषित झाला. म्हणून केवळ ऐकीव माहितीवर विसंबू नये. खात्री नसल्यास माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो. त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळणे बंधनकारक आहे.

निवेदनात काय असावे?

‘वाहने वेगाने जातात’ एवढे लिहून भागत नाही. नेमके ठिकाण, जवळचा किलोमीटरचा दगड, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, वळण किंवा उतार, पूर्वी झालेले अपघात आणि छायाचित्रे द्यावीत. अपघातांचा तपशील संबंधित पोलीस ठाण्याकडून मागावा. ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र व रहिवाशांच्या सह्या जोडल्यास मागणीला वजन येते. निवेदनाची प्रत पोलीस ठाण्यालाही द्यावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि संयुक्त स्थळपाहणीची तारीख लेखी मागावी.

उपाय जागेनुसार

प्रत्येक ठिकाणी गतिरोधक हाच उपाय नसतो. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकण्याचे निर्देश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये दिले होते. त्यामुळे महामार्गालगतच्या गावांनी रंबलर पट्टे, वेगमर्यादेचे फलक, झेब्रा क्रॉसिंग, पथदिवे, सेवा रस्ता किंवा भुयारी मार्ग यांची मागणी करणे अधिक व्यवहार्य ठरते. घाटरस्त्यांची गरज आणखी निराळी. आंबेनळी घाटात जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली होती. अशा मार्गांवर संरक्षक कठडे, वळणदर्शक फलक व बहिर्गोल आरसे यांचा आग्रह धरावा.

अंतर्गत रस्त्यावर गतिरोधक हवाच असेल, तर तो शास्त्रशुद्ध हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर व रुंदी ३.७ मीटर असावी. या मानकाची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. ग्रामस्थांनी माती, दगड किंवा काँक्रीट टाकून स्वतःच उंचवटा उभारणे धोक्याचे आहे. दुचाकीस्वार त्यावर घसरतो आणि पोलादपूरहून महाडकडे निघालेल्या रुग्णवाहिकेतील रुग्णालाही त्याचा धक्का सोसावा लागतो.

दाद मिळाली नाही तर

स्थानिक कार्यालयाने दखल न घेतल्यास वरिष्ठ अभियंत्याकडे आणि त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अलिबाग येथे निवेदन पाठवावे. राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९८ अ नुसार, रस्त्याच्या सुरक्षाविषयक मानकांचे पालन न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या निवेदनाची पोच म्हणूनच जपून ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावरही नागरिकांची जबाबदारी संपत नाही. कोकणातील पावसाळ्यात पांढरे पट्टे पुसट होतात, फलक झुडपांआड जातात. अंधारात न दिसणारा गतिरोधक स्वतःच अपघाताचे कारण ठरतो. यासाठी दरवर्षी पावसाळा ओसरताच पट्टे रंगविण्याची व झुडपे तोडण्याची मागणी पुन्हा लेखी करावी.