ऑर्निथोमिमॉयडीस
मध्य भारतातील जबलपूर येथे सापडलेल्या थोड्या सुट्या मणक्यांवरून वर्णिलेली मांसाहारी डायनोसॉरांची प्रजाती. नावाचा अर्थ ‘ऑर्निथोमिमससारखा’ असा आहे. ऑर्निथोमिमस हे नाव मार्श यांनी १८९० मध्ये अमेरिकेतील जीवाश्मांना दिले. त्याच्या कुलातील बहुतेक प्राणी लहान डोके, लांब मान, दंतहीन चोच व धावण्याजोगे लांब पाय यांमुळे शहामृगासारखे दिसत असावेत.

जबलपूरच्या बारा शिमला टेकडीवरील लॅमेटा खडकांतून सी. ए. मॅटली यांनी १९१७–१९ या काळात पुष्कळ हाडे गोळा केली. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतात हे स्थळ येत असे. लॅमेटा खडक क्रिटेशस काळाच्या अखेरीचे, सु. ७ कोटी वर्षांपूर्वीचे असून दख्खनच्या बेसाल्टाखाली आढळतात. त्यामुळे ते मुख्यतः बेसाल्टी प्रदेशाच्या कडेला उघडे पडतात. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथे ते दिसतात; पुण्याजवळील थेरगाव-चिंचवडसारख्या भागांत मात्र जमिनीवर बेसाल्टच आढळतो.

मॅटली व जर्मन पुराजीववैज्ञानिक फ्रीडरिख फोन ह्यूने यांनी १९३३ मध्ये या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाच मणक्यांवरून ऑ. मोबिलिस व त्यांहून लहान अशा चार मणक्यांवरून ऑ. बारासिम्लेन्सिस या दोन जाती त्यांनी कल्पिल्या. कवटी, हात वा पाय यांचा आधार या जातींना नव्हता. शहामृगसदृशता दाखविणारी लक्षणे नेमकी याच अवयवांत असतात, हे ध्यानी घेता हा पाया फारच तोकडा होता. पण त्या काळी तुलनेसाठी उपलब्ध असलेले चांगले सांगाडे प्रामुख्याने उत्तर गोलार्धातील होते.

प्रश्न केवळ नावाचा नव्हता. ऑर्निथोमिमस कुलाचे निर्विवाद जीवाश्म उत्तर अमेरिका व आशिया येथील आहेत. ते प्राणी भारतात होते असे मानल्यास त्या वेळी भारत उत्तरेकडील भूखंडांशी जोडलेला होता की काय, हा प्रश्न उभा राहतो. पुढे अर्जेंटिनात नोआसॉरस (१९८०) व ॲबेलिसॉरस (१९८५) आणि मादागास्करात मासियाकासॉरस (२००१) या प्रजातींची वर्णने झाली, तेव्हा भारतीय हाडांना जवळची तुलना मिळाली. नोवास, अग्नोलिन व बंदोपाध्याय यांनी २००४ मध्ये भारतीय मांसाहारी डायनोसॉरांची फेरतपासणी केली. बारा शिमल्याच्या या लहान डायनोसॉरांचे नाते ॲबेलिसॉरॉइड या दक्षिणी गटाशी जुळते, असे त्यांनी दाखविले. गोंडवनभूमीतून भारत विलग झाल्याच्या इतिहासाशी हे सुसंगत आहे.

मूळ नमुन्यांपैकी काही नंतर संग्रहात सापडेनासे झाले. म्हणून जुन्या वर्णनांवर व आकृत्यांवरच पुष्कळ विसंबावे लागते. उरलेल्या मणक्यांत जातिनिश्चितीस पुरेशी वैशिष्ट्येही नाहीत. त्यामुळे ऑर्निथोमिमॉयडीस हे नाव आज संदिग्ध मानले जाते.