गाणं ओठांवर, पण गिटार कुणाची?

आज आपण थोडा इतिहास बघूया. राजा-महाराजांचा नाही, आपल्या कानावरून रोज जाणाऱ्या गाण्यांचा.

विसर्जनाला बेंजो पार्टी येते, शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजतात. गाणारा कोण ते आपण विचारतो. वाजवणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच कुणी विचारतं. मुंबईच्या सिनेमातही तसंच होतं, आणि एकाच माणसाच्या आयुष्यात ते स्पष्ट दिसतं.

भूपिंदर सिंग यांचा जन्म १९४० साली अमृतसरला झाला. वडील संगीत शिकवायचे. तरुणपणी भूपिंदर दिल्ली आकाशवाणीवर गात आणि गिटार वाजवत. संगीतकार मदन मोहन यांनी त्यांचा आवाज ऐकला आणि मुंबईला बोलावून घेतलं. १९६४ च्या 'हकीकत' मध्ये ते रफी, तलत आणि मन्ना डे यांच्याबरोबर गायले.

पण गायकाला रोज काम कुठून असणार? त्यांच्या हातात गिटार होती. सिनेमाचे वादक स्टुडिओत बोलावणं आलं की जात, समोर लिहून ठेवलेले स्वर वाजवत आणि शिफ्टचे पैसे घेऊन घरी येत. त्या काळी मोठ्या गाण्याला पन्नास-शंभर वादक एकत्र बसत. व्हायोलिन, ढोलक, गिटार, गायक, सगळ्यांचं ध्वनिमुद्रण एकदमच व्हायचं. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. यातले कितीतरी वादक गोव्याहून पोटासाठी मुंबईत आलेले होते.

राहुल देव बर्मन यांनी भूपिंदर यांची गिटार खूप वापरली. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' मधलं झीनत अमानचं ते गाजलेलं गाणं आठवा. १९७३ च्या 'यादों की बारात' मध्ये आशाताईंच्या गाण्याआधी वाजणारी गिटार आठवा. ती गिटार ऐकली की पुढचं गाणं आपल्याला न सांगता कळतं. दोन्हीकडे वाजवणारे हात भूपिंदर यांचे.

आता फरक बघा. १९७७ च्या 'घरौंदा' मध्ये मुंबईत घर शोधणाऱ्या जोडप्याचं गाणं ते रुना लैलांबरोबर गायले, तेव्हा त्यांचं नाव रेडिओवर सांगितलं गेलं. माणूस तोच, मेहनत तीच. गायला की नाव, वाजवलं की नाव नाही. पुढे पत्नी मिताली यांच्याबरोबर ते गझला गायले आणि गझलेतही त्यांनी गिटार आणली. १८ जुलै २०२२ ला मुंबईत ते गेले.

नाव नसलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. वादकाच्या वादनाचा पुढे धंद्यासाठी वापर झाला, तर त्याला पैशात वाटा मागता येतो. पण त्याच कायद्यात एक मेख आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ मानलं जातं आणि रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेही दिलं जात नाही, त्याला या हक्कासाठी कलाकार धरत नाहीत. म्हणजे नाव हा नुसता मान नाही, त्याच्या मागे हिशेब येतो.

म्हणून आम्ही गटांना एक सांगतो. आंबापोळीच्या, कोकमाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, ते योग्यच आहे. पण रजिस्टरात कोणी फोडलं, कोणी वाळवलं, कोणी पॅकिंग केलं, किती दिवस केलं, हे नावानिशी आणि तारखेनिशी लिहा. "सगळ्यांनी मिळून केलं" एवढंच लिहिलं, तर नफा वाटताना जी कमी बोलते तिचेच दिवस कमी मोजले जातात.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की रजिस्टरचं ते पान मोठ्याने वाचा. कुणाचं नाव राहिलं असेल, तर सही होण्याआधीच घाला.