बहुरूपी विषाणू

मंडळी, गावाकडे बहुरूपी यायचा तो आठवतो ना? आज फौजदार, तर उद्या साधू. हिपॅटायटिस-सीचा विषाणू त्याच पठडीतला.

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी आल्टर आणि त्यांचे सहकारी रक्त चढवल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. हिपॅटायटिस-बी नाही, तर ए असेल असा अंदाज होता. तोही निघाला नाही! म्हणून आजाराचे नावच पडले 'नॉन-ए, नॉन-बी'.

आरोपीचा पत्ता लागायला १४ वर्षे लागली. १९८९ साली कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्या साहाय्याने वेगळीच युक्ती केली. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय तुकडे जीवाणूंत घालून त्यांची प्रथिने बनवली आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे कोणत्या प्रथिनाला चिकटतात ते पाहिले. लाखो तुकड्यांतून एक सापडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत दात्यांच्या रक्ताची तपासणी सुरू झाली.

पण गंमत अशी की ज्या प्रतिपिंडांनी चोर दाखवला, त्यांना तो रुग्णाच्या शरीरातून हाकलता येत नव्हता. असे का?

या विषाणूची जनुकीय पोथी आरएनएची. तिची नक्कल करणाऱ्या विकराला मुद्रितशोधन ठाऊक नाही. (आपल्या अंकाच्या संपादकांना हे दुःख कळेल!) रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे १ लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे चुका अगणित. बहुतेक चुका निरुपयोगी. पण विषाणूच्या बाह्य आवरणात सुमारे २७ अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे, तो बदलला तरी विषाणूचे फारसे अडत नाही. प्रतिपिंडे नेमकी तिथेच चिकटतात. जुन्या वेषातले विषाणू मारले जातात, चुकून वेष बदललेले वाढतात. नवी प्रतिपिंडे तयार होईपर्यंत वेष पुन्हा बदललेला! यात विषाणूची हुशारी काही नाही. निवड आपलीच प्रतिपिंडे करतात.

याचा पुरावा 'एच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७७ साली बाधित झालेल्या रुग्णाकडून मिळाला. त्याचे २६ वर्षांतले नमुने तपासले, तेव्हा २००७ साली दिसले की त्याची प्रतिपिंडे जुने विषाणू रोखत, पण त्याच काळातल्या विषाणूंपुढे हतबल ठरत. सीवर आजही लस नाही, त्याचे हे एक मोठे कारण.

औषधाने मात्र बाजी मारली. २०१३ साली मान्यता मिळालेले सोफोसबुव्हिर वेषाकडे पाहतच नाही. ते नक्कल करणाऱ्या विकराला खोटे अक्षर पुरवते आणि नक्कल तिथेच थांबते. विकराचा तो गाभा बदलणे विषाणूला फार महागात पडते. जोडीला दुसरे औषध दिले की ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०२० साली आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळाले.

आता आपल्या घरापुरते. बीची लस घेतल्यावर दिसणारी प्रतिपिंडे म्हणजे संरक्षण. सीची प्रतिपिंडे म्हणजे फक्त विषाणू येऊन गेल्याची खूण. तो अजून मुक्कामाला आहे का, हे आरएनएची तपासणीच सांगते. भारतात रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची व्हायला अमेरिकेनंतर सुमारे दशक लागले. त्याआधी तिकडे बाळंतपणात, शस्त्रक्रियेत रक्त घेतलेले आपल्यात कितीतरी आहेत. वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता हा आजार यकृत पोखरतो. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचाराच. आई-बाबा इकडे आले असतील तर त्यांच्यासाठीही.