दाताचा टवका आणि चिकटवण्याचा इतिहास

आजचा विषय तांदळाच्या कणीएवढा आहे. समोरच्या दाताचा टवका उडणं. क्रिकेटचा चेंडू, बाइकवरून पडणं, दातानं बाटलीचं झाकण उघडणं... कारणं तुम्हाला माहीतच आहेत. पण डेंटिस्ट आज जे चार-पाच पर्याय सांगतात, ते एकदम आलेले नाहीत. कुठला आधी आला आणि का, हे कळलं की निवड सोपी होते.

शंभर वर्षांपूर्वीची अडचण एकच होती: दाताला काही चिकटतच नव्हतं. तोंड कायम ओलं, वर चावण्याचा जोर. मग चांगला दात कोरून खाच पाडायची, म्हणजे भरलेलं सिमेंट त्यात अडकून राहील. पुढच्या दातांत भरायचे ते सिलिकेट सिमेंट तर लाळेत हळूहळू विरघळायचं.

दुसरा मार्ग कॅपचा. अमेरिकेत डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी १९०३ च्या सुमारास पोर्सेलेनची कॅप पुढे आणली. दिसायला सुंदर, पण ती बसवायला दात चारही बाजूंनी घासून बारीक करावा लागे. म्हणजे बघा, तुटलंय कोपऱ्यात आणि छाटायचा अख्खा दात!

१९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट नटनट्यांच्या दातांवर पोर्सेलेनचे पातळ पापुद्रे लावायचे. हेच आजच्या व्हीनिअरचे पूर्वज. पण कवळी बसवायच्या पावडरीनं चिकटवलेले ते पापुद्रे शूटिंगपुरतेच टिकायचे. कल्पना तयार होती, अडलं होतं ते चिकटवण्यापाशी.

ते कोडं सोडवलं न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावायचे. त्यांनी विचार केला, मग दातावर का नको? १९५५ साली त्यांनी निष्कर्ष छापला: ॲसिडनं इनॅमल जरासं खरखरीत केलं की ॲक्रिलिक त्यावर कितीतरी जास्त काळ टिकतं. कारण साधं आहे. ॲसिडमुळे इनॅमलवर सूक्ष्म छिद्रं पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरून घट्ट होतं आणि लाखो बारीक मुळ्यांसारखं धरून ठेवतं.

आता हवा होता टिकाऊ पदार्थ. राफेल बोवेन यांनी नवं रेझिन बनवून त्यात काचेसारख्या सिलिकाची पूड मिसळली. १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. आजचं दाताच्या रंगाचं कम्पोझिट त्याच घराण्यातलं. सत्तरच्या दशकात ते प्रकाशानं घट्ट करायची सोय झाली, आधी अतिनील आणि नंतर निळ्या. डेंटिस्टकडचा तो निळा दिवा आठवला ना? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलेनलाही ॲसिडनं खरखरीत करून चिकटवता येऊ लागलं, आणि पिंकसचे पापुद्रे कायमचे बसू लागले.

आता गंमत बघा. इतिहास जास्त छाटण्याकडून कमी छाटण्याकडे आला. आपण मात्र उलट्या टोकापासून, सगळ्यात कमी छाटण्यापासून सुरुवात करायची.

टवका अगदी बारीक असेल तर कड घासून गुळगुळीत करणं पुरतं. तुटलेला तुकडा सापडला तर तोच परत चिकटवता येतो, म्हणून तो फेकू नका. दुधात किंवा पाण्यात ठेवा आणि लवकर डेंटिस्ट गाठा. तुकडा हरवला असेल तर कम्पोझिट. एकाच बैठकीत काम होतं, फारसं कोरावं लागत नाही. काही वर्षांनी डाग पडतात, कड तुटते, पण पुन्हा करता येतं. त्यानंतर व्हीनिअर. रंग जास्त टिकतो, पण बहुतेक वेळा पुढून साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल घासावं लागतं. कॅप सगळ्यात शेवटी, दात बराच तुटला असेल तेव्हा. आणि तुटल्या जागी गुलाबी किंवा लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे. मग पर्याय मोजत बसू नका, त्याच दिवशी जा.

इनॅमल पुन्हा उगवत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंतच असतात. कोडमध्ये चुकलं तर मागची आवृत्ती परत आणता येते. घासलेल्या दाताला ती सोय नाही. म्हणून विशी-पंचविशीत कुणी थेट कॅप किंवा व्हीनिअर सुचवलं, तर बिनधास्त विचारा, "डॉक्टर, यापेक्षा कमी घासून काही होईल का?" कधी उत्तर "नाही" येईल, आणि ते खरंही असेल. पण प्रश्न विचारायची सोय आपल्याला १९५५ पासून आहे. ती वापरा.

भेटू पुढच्या भागात!