बाळू पालवणकर आणि त्यांचे सोबती



माझा भाचा कॉलेजात बास्केटबॉल खेळतो. मित्रांबरोबर त्याची सारखी हुज्जत चाललेली असते, मायकेल जॉर्डन मोठा की आणखी कोणी. एकदा पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, "का रे, तो एकटाच खेळायचा का?" तर म्हणाला, "नाही मावशी. पहिली सहा वर्षं त्याला एकही अजिंक्यपद मिळालं नव्हतं. स्कॉटी पिपेन संघात येऊन तयार झाला, मग १९९१ पासून सहा मिळाली."

मला त्यावरून आपल्या पुण्यातला एक खेळाडू आठवला. आमच्या गटांच्या बैठकीत मी विचारलं, पालवणकर बाळू हे नाव कोणी ऐकलंय का? एकही हात वर झाला नाही. देवधर करंडक मात्र दोघीतिघींना माहीत होता, घरात क्रिकेट लागतं म्हणून.

बाळू पालवणकर चांभार कुटुंबातले. जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, म्हणून कुटुंब पुण्यात आलं. बाळूंचं पहिलं काम पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात, मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचं काम मिळालं. ग्रेग नावाचा एक मोठा फलंदाज होता. बाळूंनी बाद केलं की तो दर वेळी ८ आणे द्यायचा, असं सांगतात. असा हात बसला की डाव्या हाताची फिरकी कोणाला कळेना. पण साहेबांनी त्यांच्या हाती बॅट म्हणून कधी दिली नाही.

मग पुण्याच्या हिंदू क्लबापुढे प्रश्न पडला. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, पण त्यांना घ्यायचं कसं? बरीच वादावादी होऊन घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत, आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवायला ताट वेगळं, जागा वेगळी.

हे वाचताना मला आमच्याच एका गावातला गट आठवला. तिथली एक ताई बैठकीला येताना घरून स्वतःचा कप घेऊन यायची. तसं कोणी सांगितलं नव्हतं तिला. पण "अगं, राहू दे, इथले कप आहेत की" असंही कोणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. चार महिने मी ते पाहत होते.

बाळू पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही. १९११ साली भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली. संघ २३ पैकी फक्त ६ सामने जिंकला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. वय तेव्हा पस्तिशीचं. संघ तगडा असता तर त्या आकड्याचं सोनं झालं असतं, असं मला वाटतं.

कर्णधारपद मात्र वर्षामागून वर्षं दुसऱ्याकडे जात राहिलं. म. दा. पै हे कर्णधार झाले. त्यांच्या समाजाने त्यांचा सत्कार केला, तेव्हा पैंनी उठून सांगितलं की हा मान माझ्याआधी बाळूंना मिळायला हवा होता. स्वतःच्या सत्कारात असं बोलायला छाती लागते.

१९२० साली पै आजारी पडले. निवडणाऱ्यांनी बाळूंना संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघात होते, विठ्ठल तर उत्तम फलंदाज. तरीही कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिलं. देवधरांना मी दोष देत नाही. ते २८ वर्षांचे होते आणि चांगले खेळाडू होते. पण दोघा भावांनी निवेदन काढलं आणि संघातून अंग काढून घेतलं. जात बघून मान देणार असाल तर आम्ही खेळत नाही, असा त्याचा रोख. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. नाव त्या खेळावरच होतं.

गाजावाजा झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले. बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावलं, भाऊही परत आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळू कर्णधार झाले. ४४ वर्षांचे बाळू, तेही थोड्या वेळासाठी.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या चळवळीने तोवर हवा बदलली होती, हे खरंच. पण १९२० ला भाऊ गप्प बसून खेळले असते तर निवडणाऱ्यांना कोणी हलवलं असतं? त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली, विठ्ठलांनी शतक काढलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं.

मग बाळूंचं नाव का मागे पडलं? देवधरांनी पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला आणि १०१ वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. बाळूंची उमेद संपत आली तेव्हा रणजी करंडक सुरूही झाला नव्हता. शिवाय राजकारणात ते बाबासाहेबांच्या समोरच्या बाजूला उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध लढले आणि हरले. ज्यांनी त्यांचं नाव जपलं असतं ते लोकही दुरावले, असं मला वाटतं. १९५५ मध्ये बाळू गेले.

त्याआधी १९४८ साली विठ्ठलांनी मराठीत आपलं आत्मचरित्र लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'.

आणि ती ताई आता गटाची सचिव आहे. पाचव्या महिन्यात आमच्या गटातल्या एका आजींनीच तिच्या हातातला कप काढून घेतला, आपल्या कपांबरोबर विसळला आणि त्यातून स्वतः चहा प्यायल्या. मला ते आधी सुचायला हवं होतं.